बगदादच्या हत्तीबरोबर गिरगाव ते दादर

आमच्या ओळखीतली बरीच माणसं युरोप पाहून आली आहेत. नऊ दिवसांत सात देश, आणि परत आल्यावर महिनाभर चॉकलेटं. मी दोन दिवसांत गिरगावातून दादरला गेले. अंतर आठ-नऊ किलोमीटर, टॅक्सीने फार तर पाऊण तास. पण बरोबर हत्ती असला की वेळ लागतो. हत्ती घेऊन हा रस्ता चाललेलं दुसरं कुणी माझ्या माहितीत नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

हत्ती कागदाच्या लगद्याचा, उंचीने माझ्या खांद्यापर्यंत. तो माझ्या यजमानांनी केला. दादरच्या एका शाळेत ते इतिहास शिकवत आणि मी तिथेच ग्रंथपाल होते. शाळेत सगळे त्यांना सर म्हणत, तशी मीही म्हणायचे. लग्नानंतर ते बदलायचं राहून गेलं. सर दिवाळीनंतरच्या आठवड्यात गेले. मागे राहिली पुस्तकं, टिपणांच्या बावीस वह्या आणि हा हत्ती.

हत्तीचं नाव अबुल-अब्बास. बाराशे वर्षांपूर्वी बगदादच्या खलिफाने तो फ्रँक लोकांच्या राजाला भेट म्हणून पाठवला होता. आजचं फ्रान्स, जर्मनी आणि आजूबाजूचा बराच मुलूख तेव्हा या फ्रँकांच्या ताब्यात होता. हत्ती बगदादहून निघाला, आफ्रिकेच्या किनाऱ्याने आला, समुद्र ओलांडून इटलीत उतरला, आल्प्समध्ये बर्फ आहे म्हणून हिवाळाभर अलीकडेच थांबला आणि उन्हाळ्यात आखेन नावाच्या गावी राजाच्या दारात उभा राहिला.

पण मुसलमान खलिफा आणि ख्रिस्ती राजा यांचं इतकं जमायचं कारण काय? सर वर्गात हे चाळीवरून समजावत. बगदादवाल्यांच्या घराण्याने आधीच्या खलिफांना हुसकावून गादी घेतली. त्या जुन्या घराण्यातला एक राजपुत्र निसटला आणि पार स्पेनमध्ये, कोर्दोब्यात, त्याने वेगळी चूल मांडली. म्हणजे बगदादचं कोर्दोब्याशी वाकडं. कोर्दोबा फ्रँकांच्या भिंतीला भिंत लावून, म्हणजे त्यांचंही वाकडं. "आता सांगा," सर म्हणत, "पहिल्या मजल्यावरचे आणि तिसऱ्या मजल्यावरचे एकमेकांना चकल्या का पाठवतात?" सगळा वर्ग एका आवाजात ओरडायचा, "कारण दोघांचं दुसऱ्या मजल्याशी भांडण आहे!" हा एक प्रश्न सरांच्या कुठल्याही मुलाचा कधी चुकला नाही.

निवृत्त झाल्यावर सरांनी हत्ती करायला घेतला. शाळेच्या इतिहासाच्या खोलीत एका कोपऱ्यात तो उभा करायचा होता. काम दोन वर्षं चाललं, कारण पुराव्याशिवाय काही लावायचं नाही हा त्यांचा नियम. रंग पांढरा की काळा, लिहिलेलं नाही, म्हणून साधा राखाडी. सुळे होते की नव्हते, लिहिलेलं नाही, म्हणून सुळे काढता-घालता येतील असे. फ्रँकांच्या दप्तरात हत्ती आल्याची नोंद आहे, बगदादकडच्या लिखाणात अवाक्षर नाही. सर म्हणायचे, "देणारा विसरला, घेणाऱ्याने लिहून ठेवलं. असं आपल्याकडे होतं का कधी?"

फक्त डोळे राहिले होते. मूर्तिकामात डोळे सगळ्यात शेवटी आखतात आणि बहुतेकदा ते आखणारा हातही वेगळा असतो. लालबागच्या गणपतीच्या कारखान्यात शशीदादा म्हणून आहेत, पन्नास वर्षं फक्त डोळेच आखतात. सरांनी त्यांना सांगून ठेवलं होतं. जायचं तेवढं राहिलं.

जानेवारीत शाळेतून नव्या मुख्याध्यापिकांचा फोन आला. "मॅडम, सरांबद्दल आम्हाला आदर आहेच. पण तो कोपरा किती दिवस रिकामा ठेवणार? झेरॉक्स मशीन यायचंय. शनिवारी बाराच्या आत हत्ती आणलात तर हत्ती, नाहीतर मशीन."

त्या दिवशी मंगळवार होता. हत्ती गिरगावात होता, आंधळा होता, आणि माघी गणपती तोंडावर आल्यामुळे शशीदादांना फक्त शुक्रवारची दुपार मोकळी होती.

गिरगाव, शुक्रवार

प्रकाश सकाळी आठला हातगाडी घेऊन आला. हा सरांचा जुना विद्यार्थी, आता चाळिशी ओलांडलेला, मंडप-डेकोरेशनचं काम करतो. नववीत इतिहासात दोनदा नापास झाला होता, आणि हे तो ओळख करून देताना स्वतःच सांगतो.

"टेम्पो का नाही आणलास रे?"

"बाई, टेम्पोत आडवा घालायला लागेल. आडवा घातला की पहिला कान जातो. गणपती काय आडवा नेतो का आपण?"

चाळीतल्या चौघांनी हत्ती जिन्यावरून उलटा उतरवला, आधी शेपटी, मग बाकीचा. खाली शेजारच्या परबवहिनी नारळ घेऊन तयार.

"वहिनी, हा गणपती नाही," मी म्हटलं. "हा ऐतिहासिक हत्ती आहे."

"असेना. निघतोय तर आपल्या दारातून ना?"

"बगदादच्या खलिफाचा आहे."

"मग त्यांच्याकडे नारळ मिळत नसेल. इथे मिळतो." आणि त्यांनी फोडला. पाणी हत्तीच्या पुढच्या पायावर उडालं. मी पदराने टिपलं, कारण लगद्याला ओल चालत नाही.

प्रकाश पुढे दांडा धरून, मी मागे एक हात हत्तीच्या पाठीला लावून. सुळे माझ्याकडे, कापडी पिशवीत. ते पिशवीपेक्षा लांब असल्यामुळे टोकं बाहेर आली होती, याचा मी तेव्हा विचार केला नाही.

नाना चौक, मग भायखळा

नाना चौकात हवालदाराने हात केला. त्याने हत्तीकडे पाहिलंही नाही. त्याची नजर पिशवीवर.

"मॅडम, हे काय?"

"सुळे."

"कसले?"

"हत्तीचे."

प्रकाशने कपाळाला हात लावला. हवालदार गंभीर झाला. "हस्तिदंत न्यायला बंदी आहे, माहितीय ना?"

"हे कागदाचे आहेत. वर्तमानपत्रं भिजवून केलेत."

त्याने एक सुळा हातात घेतला, नखाने वाजवला, वास घेतला. मग उलटा करून बुडाशी पाहिलं. तिथे रंग लागला नव्हता आणि अर्धवट छापील अक्षरं दिसत होती. तो वाचत राहिला. "क्रिकेटचं आहे," तो म्हणाला. "पुढचं कुठेय? जिंकलो का आपण?"

दुसऱ्या सुळ्यात असेल, असं मी म्हटलं. त्याने तोही पाहिला. तिथे सोन्याचे भाव होते. नाराज होऊन त्याने आम्हाला सोडलं.

पुढे भायखळ्याला रस्त्याकडेच्या हॉटेलसमोर गाडी लावली. ब्रून मस्का आणि पानी कम चहा. शेजारच्या टेबलावर पांढऱ्या दाढीचे एक चाचा बशीतून चहा पीत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "कहाँ का हाथी है?"

"बगदाद का," प्रकाश म्हणाला.

"अच्छा. टोल कितना लगा?"

मी माझ्या तोडक्यामोडक्या हिंदीत सगळं सांगितलं, खलिफा, फ्रँक, कोर्दोबा. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांची शंका मला नवी होती. "अपनेवाले ने हाथी दिया. बराबर. उन लोगों ने वापस क्या भेजा?"

ही शंका मला आवडली. आपल्याकडे कुणाच्या डब्यातून काही आलं की डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर घालतात. मी सांगितलं की घोडे, शिकारी कुत्रे आणि रंगीत कापड परत पाठवल्याचं एका ख्रिस्ती साधूने लिहून ठेवलंय. पण तो साधू फार गोष्टीवेल्हाळ, सरांचा त्याच्यावर भरवसा नव्हता.

"कपड़ा?" चाचा हसले. "बगदाद को कपड़ा?"

प्रकाशला मात्र ते लागलं. "का? चांगलं असेल ना कापड. माझा बाप मिलमध्ये होता चाचा, परळच्या. आमचं कापड कुठंकुठं जायचं."

"तो वो राजा लोग परेल से लिया होगा," चाचा म्हणाले, आणि वाद मिटला. उठताना त्यांनी खिशातून अत्तराची कुपी काढली आणि मला काही कळायच्या आत हत्तीच्या दोन्ही कानांमागे लावली. "इतना दूर चला है," ते म्हणाले. मी ते पुसलं नाही. अत्तर लावल्याचा पुरावा नाही, पण न लावल्याचाही नाही.

लालबाग

वाटेत चारजणांनी हत्ती ही निशाणी समजून निवडणूक कुठली आहे असं विचारलं. दोघांनी प्रकाशला "जय भीम" करून, उमेदवार कोण, हेही विचारलं. एका आजींनी हत्तीला कुंकू लावलं. मी अडवलं नाही, फक्त रुमाल शोधायला लागले तर प्रकाश म्हणाला, "राहू द्या ना बाई."

कारखाना म्हणजे बांबू आणि ताडपत्रीची लांबच लांब शेड. आत रंगाचा वास, कम्प्रेसरचा घरघराट, आणि ओळीने दीडशे-दोनशे गणपती, सगळे पूर्ण, सगळे बिनडोळ्यांचे. त्यांच्यात आमचा हत्ती उभा केला तेव्हा तो मला प्रथमच लहान वाटला.

शशीदादा सत्तरीचे, किरकोळ, कानावर ब्रश. त्यांनी हत्तीभोवती एक फेरी मारली, सोंडेवर बोट फिरवलं. "सरांनी पॉलिश पेपर बरोबर मारलाय. आम्हाला वाटलं मास्तर माणूस, गबाळं करेल." मग स्टूल ओढून बसले आणि ब्रश हातात घेऊन मला विचारलं, "कुठे बघतोय?"

"म्हणजे?"

"वहिनी, आमच्या गणपतीसमोर माणूस असतो. चार-पाच फुटांवर, हात जोडून. म्हणून बुबुळ जरा खाली घेतो, मग तो ज्याच्या-त्याच्याकडे बघतो. ह्याच्यासमोर कोण आहे?"

"राजा," प्रकाश म्हणाला.

"उभा का बसलेला?"

प्रकाशने माझ्याकडे पाहिलं.

"किती लांब? पायरीवर का जमिनीवर?"

मी बावीस वह्यांची सूची केलेली बाई. कुठल्या वहीत कुठल्या पानावर काय आहे हे मला पाठ आहे. हे कुठेच नव्हतं. मी तसं सांगितलं.

"मग गणपतीचेच काढून देतो. हात बसलेला आहे, दहा मिनिटांत होतील. लांब, शांत. छान दिसतील."

छान दिसले असते यात शंका नाही. पण सरांचा हत्ती गणपतीच्या डोळ्यांनी कुणाला आशीर्वाद द्यायला लागला असता, तर सरांनी मला काय म्हटलं असतं तेही माहीत होतं. मी नको म्हटलं.

शशीदादा रागावले नाहीत. ब्रश पुन्हा कानावर ठेवला. "उद्या सकाळी नऊला या. सांगितलंत तर काढीन. दहाला माझं माघीचं काम सुरू होतं, मग मी कुणाचा नाही. आणि नजर कुठे ते ठरल्याशिवाय मी टिंबसुद्धा लावणार नाही."

हत्ती कारखान्यात राहिला. प्रकाश वाटेत एवढंच म्हणाला, "बाई, हा पेपर पण कठीण निघाला."

चिंचपोकळी

मुक्काम वन्संकडे, म्हणजे सरांच्या मोठ्या बहिणीकडे. वय ऐंशी, खोली दहा बाय बारा, जीभ मालवणी आणि धारदार. दारातच म्हणाल्या, "इलंस? हत्ती खंय ठेवलंस?"

"लालबागला."

"आमच्या भावान हत्ती केल्यान. घर काय केल्यान नाय."

आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांची उसळ होती. दिवाळीनंतर मी कुणाकडे पोटभर जेवले नव्हते. दुखवट्याच्या घरातल्या माणसाला लोक वाढतात जपून आणि बघतात चोरून. वन्सं समोर बसून उघड मोजत होत्या. "चार झाली. अजून एक घे. तुझ्या हत्तीक खाऊक दिलं नसशीत, निदान तू तरी खा."

जेवता जेवता त्यांनी सगळी गोष्ट विचारून घेतली. हत्ती घेऊन कोण आलं? मी सांगितलं, वहीत आहे तसं. राजाने बगदादला तीन माणसं पाठवली होती. दोन दरबारातले वकील, म्हणजे राजदूत, आणि वाट दाखवायला एक ज्यू माणूस. जाऊन-येऊन चार वर्षं लागली.

"मगे तिगव हत्ती घेवन इले?"

"नाही. वकील दोघेही वाटेत वारले. तिसरा एकटाच आला."

हे वाक्य मी सरांच्या हस्ताक्षरात किती वेळा वाचलं असेल. सूचीत त्याचा पृष्ठक्रमांकही मीच घातला आहे.

वन्संनी उसळीचा डाव खाली ठेवला. मग म्हणाल्या, "थंय पोचल्यार सगळे हत्तीक बघूक धावले असतले."

"हो."

"आणि त्या बाबड्याक? त्याका कोणी इचारल्यान काय, जेवलंस काय म्हणान?"

वहीत नाही, असं मी म्हणणार होते. पण मी ताट पुढे केलं आणि पाचवी आंबोळी वाढून घेतली.

पुन्हा लालबाग, शनिवार

नऊला पाच कमी असताना मी स्टुलासमोर उभी होते.

"ह्याच्यासमोर राजा असेल," मी म्हटलं, "पण हा राजाकडे बघत नाही. ह्याच्या डाव्या अंगाला, कानाजवळ, एक माणूस आहे. बगदादपासून तो बरोबर चालत आलाय. हत्ती त्या माणसाकडे बघतोय."

"एकटाच आहे तो माणूस?"

"आता एकटाच."

शशीदादांनी मान डोलावली. "उंच किती?"

"ते माहीत नाही."

"मग माप कसं घेऊ? वहिनी, तुम्हीच उभ्या राहा."

मी हत्तीच्या डाव्या कानाजवळ उभी राहिले. ते म्हणाले, हलू नका, म्हणून मी हलले नाही. समोर दोनशे बिनडोळ्यांचे गणपती. अत्तराचा वास अजून होता. शशीदादांनी श्वास रोखून एक रेघ ओढली, श्वास सोडला, मग दुसरी. हत्तीचे डोळे लहान असतात, पापण्यांभोवती सुरकुत्या असतात, हे त्यांना सांगावं लागलं नाही. उलट प्रकाशने मोबाईलवर फोटो पुढे केला तर म्हणाले, "बाजूला हो रे, राणीच्या बागेत मी काय झोपा काढल्या?"

शेवटचा पांढरा ठिपका लावला आणि ते बाजूला झाले. मी मान वळवून पाहिलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. प्रकाश बाहेर जाऊन गाडीच्या चाकाला विनाकारण तेल घालत बसला.

परळ, हिंदमाता, दादर

त्या तेलाचा उपयोग झाला नाही. हिंदमाता चौकात चाक निखळलं. अकरा वाजून वीस मिनिटं. समोरच्या साड्यांच्या दुकानातले दोन सेल्समन, एक पाववाला आणि कुणाचा तरी जावई अशा चौघांनी गाडी तोलून धरली आणि प्रकाशने विटेने ठोकून चाक बसवलं. तेवढ्यात दुकानाच्या मालकाने हत्तीबरोबर दोन फोटो काढून घेतले. दुकानासमोर थांबायची परवानगी मी मागितली नाही म्हणून तो कुरकुरला, मग त्याच्या लक्षात आलं की फोटोची परवानगी त्यानेच मागायला हवी होती.

शाळेच्या फाटकात शिरलो तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. इतिहासाच्या खोलीत मुख्याध्यापिका होत्या, शिपाई सावंत होते, आणि कोपऱ्यात झेरॉक्स मशीन उभं होतं.

"मॅडम," त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं, "मी बारा सांगितलं होतं."

"हो," मी म्हटलं. "दहा मिनिटं उशीर झाला." मी आयुष्यभर मुलांकडून पुस्तकं वेळेत परत घेतली आहेत, मला वाद घालता येईना. प्रकाशला येत होता, पण त्याने तोंड उघडायच्या आत सावंत मशीनची वायर हातात घेऊन भिंतीला चाचपडत म्हणाले, "बाई, इथे प्लग कुठेय?"

कोपऱ्यात प्लग नव्हता. जवळचा प्लग दाराजवळ, वायर हातभर तोकडी. मुख्याध्यापिकांनी भिंतीकडे पाहिलं, वायरकडे पाहिलं, मग हत्तीकडे.

"ह्याला प्लग लागतो का?"

"नाही मॅडम," प्रकाश म्हणाला, "हा पायी चालतो."

मशीन दाराजवळ गेलं, हत्ती कोपऱ्यात. सुळे बसवले. मी कार्ड तयार करूनच आणलं होतं, ग्रंथालयाच्या पद्धतीने, एका बाजूला जे माहीत आहे ते, दुसऱ्या बाजूला जे माहीत नाही ते. दुसरी बाजू जास्त भरली होती. रंग, उंची, सुळे. डोळ्यांपुढे मी काही लिहिलं नव्हतं. पेन काढलं आणि लिहिलं, "पुरावा नाही. अंदाज माझा." सही केली.

शाळा सुटली होती तरी नववीच्या मुली घरी गेल्या नव्हत्या. त्या समोर गोळा झाल्या आणि लगेच तक्रार सुरू.

"बाई, हा बघतच नाहीये आपल्याकडे."

"चष्मा लागलाय त्याला."

"अगं खडूस आहे. राजाचा आहे ना."

एक बारीकशी मुलगी हत्तीला वळसा घालून त्याच्या डाव्या कानापाशी गेली आणि एकदम थांबली. नववीतली मुलगी, साधारण माझ्याच उंचीची. दुसरीने तिला ढोसलं, "काय गं?"

"इथून बघतोय."

"सरक."

"थांब ना! मी आत्ताच आलेय."

मग ढकलाढकली झाली, सावंत ओरडले, आणि मुली आपणहून रांगेत उभ्या राहिल्या. एकेकीने त्या जागी जायचं, थोडं थांबायचं, पुढे सरकायचं. तिथे पोचली की जी ती मान कलती करून त्याच्या डोळ्यांत बघत होती.

प्रकाश म्हणाला, "बाई, निघायचं? गाडी परत करायचीय."

मी म्हटलं, तू हो पुढे. आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले. माझ्यापुढे सतरा जणी होत्या.